कोइम्बतूरला निघण्याआधी

गाडी ट्रकमध्ये चढवायच्या आदल्या रात्री यादी करायला बसलात तर उपयोग नाही. नागपूरहून कोइम्बतूर जवळपास १४०० किलोमीटर. तिथे एखादा पाना कमी पडला तर हिंगणा एमआयडीसीत धावत जाऊन आणता येत नाही. म्हणून फॉर्म्युला भारतच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या तिथल्या स्पर्धेच्या, पंधरा दिवस आधी कामाला लागा, आणि सुरुवात ब्रेकपासून करा.

पोट्ट्यांना इंजिन आवडतं, पंख आवडतात. ब्रेक कोणालाच आवडत नाही. आमच्या वर्षी ब्रेक टेस्टला तीन चाकं जाम झाली आणि पुढचं उजवं निवांत फिरत राहिलं. चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर जात नाही, बात खतम. दोष आमचाच होता. ब्लीडिंग करताना, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढताना, त्या चाकाच्या पॅडवर ब्रेक ऑइल सांडलं होतं, आम्ही फडक्याने पुसून मोकळे झालो. पॅड ते ऑइल आत पितो, पुसून जात नाही. तेव्हा पॅडची नवी जोडी सोबत ठेवा. पावसाळ्यात उघडलेली डॉट ४ ब्रेक ऑइलची बाटली फेकून द्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. पुढचं आणि मागचं सर्किट वेगवेगळं ब्लीड करा. मग बॅलन्स बार, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा, लावा. ब्रेक मारताच वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या चाकांना जास्त जोर हवा. मागची आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. हे कॉलेजच्या रिकाम्या मैदानात वीस वेळा करून बघा. दोनदा जमलं म्हणजे जमलं असं नाही.

त्यानंतर नट-बोल्ट. कंटाळवाणं काम आहे, पण परीक्षक टॉर्च घेऊन हेच बघतात. स्टीअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट इथल्या प्रत्येक लॉक नटाबाहेर बोल्टचे दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला लॉक नट, एकदा काढला की नवाच लावायचा. एक्झॉस्टजवळ तर तो नकोच, नायलॉन वितळतं. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट. टॉर्क दिला की लगेच रंगाची रेघ मारा, म्हणजे सैल झालेला नट दुरून कळतो.

पेट्रोलच्या गाडीला सगळा श्वास २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे इंजिनची हवा मुद्दाम अडवणाऱ्या अरुंद छिद्रातून, घ्यावा लागतो. त्या गळ्यात हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की पुढे थ्रॉटल कितीही उघडा, जास्त हवा जातच नाही. अख्ख्या इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची, रचना या एका छिद्राभोवती असते: मागचा शंकू हळूहळू रुंदावायचा, नाहीतर दाब परत मिळत नाही. घरीच इंजिन चालू ठेवून इनटेकच्या तोंडावर हात घट्ट दाबा. इंजिन बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर कुठल्या तरी जोडातून हवा चोरून येतेय. थ्रीडी प्रिंट केलेल्या प्लेनमवर, म्हणजे इनटेकमधल्या हवेच्या डब्यावर, माझा पहिला संशय.

टिल्ट टेस्टला गाडी ६० अंश कलवतात, टाकी भरलेली, आत सर्वांत उंच ड्रायव्हर. हा कल म्हणजे वळणावर साधारण १.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.७ पट बाजूचा जोर. थेंब गळता कामा नये, वरच्या बाजूची चाकं उचलता कामा नयेत. वर्कशॉपच्या क्रेनला बांधून ४५ अंशांपर्यंत तरी करून बघा. टाकीचं झाकण आणि कूलंटची ओव्हरफ्लो बाटली तिथेच पकडली जातात.

ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर यायला हवा, पूर्ण सूट आणि हातमोजे घालून. टी-शर्टवरचा सराव धरू नका. सीटबेल्टच्या लेबलवरची मुदतीची तारीख आज वाचा.

टायरमधली हवा इथे भरून खूश होऊ नका. जानेवारीत आपली सकाळ थंड असते, तिकडची नाही. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआय फरक पडतो. गेज सोबत न्या, हवा तिथेच बघा.

निघताना पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडवा, पट्टा चेसिसला बांधा; सस्पेन्शनच्या आर्मला बांधलात तर वाकडी गाडी उतरवाल. आणि संत्रा बर्फीचे दोन डबे वेगळे ठेवा. शेजारच्या पिटमध्ये बेअरिंग पुलर मागायला जाताना लागतात.