सशाचे दात आणि माझी मापांची वही

माझ्या मापांच्या वहीत छाती, कंबर, मुंढा, बाहीघेर या सगळ्या रकान्यांमध्ये एक पान वेगळंच आहे. वर नाव ‘कापूस’ आणि खाली नुसते आकडे : १८५०, १८४०, १७६०, १६१०. एका गिऱ्हाईक बाईंनी ते बघून विचारलं, “हे कुणाचं माप हो वहिनी?” ते आमच्या सशाचं वजन, ग्रॅममध्ये.

मी सांगलीत घरीच ब्लाउज शिवते. ससा मुलीने आणला, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि ससा माझ्या मशीनखाली राहिला. दोन वर्षं झाली, त्याच्या दातांची दुखणी काढते आहे. ज्यांच्या घरी ससा आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाची मात्रा इथे सापडणार नाही.

आधी तोंडात काय आहे ते. सशाला २८ दात असतात. पुढून बघितलं तर वर दोन आणि खाली दोन दिसतात, पण वरच्या दोघांच्या पाठीमागे खुंटीएवढे आणखी दोन लपलेले असतात. उरलेल्या २२ दाढा. त्या गालांच्या आत इतक्या खोल की घरी दिसतच नाहीत. आणि हे सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात, आपल्या नखांसारखे. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे टेपवर बघाल तर महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर. गवत चघळताना सशाचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो आणि दाढेवर दाढ घासून झिजते. गवत कमी पडलं की झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाही. मग खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूने सुईसारखी टोकं येतात. जीभ हलवली की टोचतं, म्हणून ससा चावणं कमी करतो. त्याने दाढा आणखी वाढतात, आणि तोंड नीट मिटेना झालं की पुढचे दातही एकमेकांवर बसत नाहीत.

काहींचा जबडाच जन्मापासून तिरका असतो. आखूड नाकाच्या, गोल तोंडाच्या बुटक्या जातींत हे जास्त. पिंजऱ्याचे गज चावून दात मोडला तर तोही पुढे वाकडा वाढू शकतो. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आमच्याकडे होती चपाती, गाजर, बिस्किटाचा तुकडा आणि दुकानातलं रंगीत दाण्यांचं खाद्य. गवत दारात नाही म्हणून आठवड्यातून एकदा मूठभर. शेजारच्या काकूंनी सांगितलं, लाकडाचा तुकडा दे, दात आपोआप घासले जातील. दिला. लाकूड पुढच्या दातांनी कुरतडलं जातं, दाढांपर्यंत ते पोचतच नाही, हे मला नंतर कळलं.

कळतं कशावरून

तोंड उघडून बघण्याच्या फंदात पडू नका. ससा ही शिकार होणारी जात, दुखलं तरी दाखवणार नाही. दुखणं दुसरीकडे दिसतं.

कापसाची हनुवटी ओली दिसली तेव्हा मला वाटलं, पाणी प्यायला असेल. चार दिवस तसंच वाटत राहिलं. मग पुढचे पाय बघितले. आतल्या बाजूची लव चिकटून दोरे झाले होते, कारण तो पंजांनी लाळ पुसत होता. वाटीतलं खाद्य उचलायचा आणि तोंडातून खाली टाकायचा. कोथिंबीर खायचा, गवताची काडी नको. मऊ ते हवं आणि कडक ते नको असं सुरू झालं की तो लाडावला म्हणून हसू नका.

लेंड्या रोज बघा. निरोगी सशाची लेंडी हरभऱ्याएवढी, गोल आणि कोरडी. बोटांत चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो. कापसाच्या मटकीएवढ्या झाल्या होत्या आणि निम्म्याच होत्या. याखेरीज सशाच्या मऊ, चकचकीत लेंड्याही असतात, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या ससा स्वतः खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या तशाच पडून राहिल्या किंवा शेपटीखाली लडबडल्या, तर तोंड तिथवर नेणं त्याला जड जातंय असं समजा. पावसाळ्यात याकडे फार लक्ष हवं. घाणीवर माशी बसली की अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात.

डोळ्यातून पाणी येत असेल तरी दात आठवा. वरच्या पुढच्या दातांची मुळं मागे वाढून अश्रूंची नळी दाबतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोट फिरवा, जशी आपण कॉलरची दोन्ही टोकं जुळवून बघतो. एका बाजूला टेंगूळ लागलं तर आत गळू असू शकतं. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो (माफ करा, पण तसाच असतो), तो वाहून जात नाही. शेक किंवा पोटीस लावून काही होत नाही. डॉक्टरच.

आणि वजन. दर रविवारी, त्याच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून. वर दिलेल्या आकड्यांत १८४० नंतर १७६० झालं तेव्हाच मी उठायला हवं होतं. नवरात्रातली घाई होती, नऊ रंगांचे ब्लाउज अंगावर होते. पुढच्या वेळी बघितलं तर १६१०.

ससा बारा तास काही खात नसेल तर सकाळची वाट बघू नका. त्याची आतडी सतत चालती लागतात. थांबली की वायू धरतो आणि ससा दगावू शकतो. कोपऱ्यात अंग आवळून बसलाय, दात कराकरा वाजवतोय, ही दुखण्याची खूण. कुरवाळताना दात हलके हलके वाजतात ते सुखाचे. दोन्हींतला फरक एकदा ऐकला की विसरत नाही.

कात्री बाजूला ठेवा

माझ्या घरी सात कात्र्या आहेत. दोरा कापायची तर इतकी बारीक की सशाच्या तोंडात सहज जाईल. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण माझ्याआधी ते काम एका दवाखान्यात झालं. तिथे कुत्रीमांजरं भरपूर यायची, ससे क्वचित. त्यांनी नखं कापायच्या कटरने पुढचे दात खटकन तोडले, दोन मिनिटांत. ससा हातातून उसळला. घरी आल्यावर बघितलं तर एका दाताला उभी चीर. शिंपल्याचं बटण पकडीत धरून दाबलं तर जसं मधोमध तडकतं, अगदी तसं. दाताच्या आत जिवंत नस असते. चीर मुळाकडे गेली की तिथून गळू होतं. शिवाय दोष दाढांत होता आणि दाढा कुणी बघितल्याच नव्हत्या.

म्हणून फोनवरच विचारून घ्या. ससे नेहमी बघता का? दाढा आतून बघायचं साधन आहे का, आणि डोक्याचा एक्स-रे काढता का? दात कटरने तोडता की फिरत्या यंत्राने घासता? सशाला भूल देण्याची सवय आहे का? चौथ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरा नंबर लावा. आणखी एक : “येताना उपाशी ठेवून आणा” असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. माणसाला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात कारण उलटी होऊ शकते. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडी थांबायची भीती.

आम्हाला असे डॉक्टर कोल्हापुरात मिळाले. त्यांनी कानात बघायची नळी सशाच्या गालात घालून मलाही दाखवलं. जिभेच्या कडेला पांढरा व्रण आणि त्यावर टेकलेलं दाढेचं टोक. भूल देऊन, आपल्या दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसल्या यंत्राने त्यांनी टोकं घासली आणि पुढचे दातही सरळ केले. संध्याकाळी घरी.

औषधांचं एकच सांगते. घरातलं माणसांचं औषध देऊ नका. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारतं आणि त्याने ससा जाऊ शकतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आधीच्या औषधाची चिठ्ठी न्या. दुखण्याचं औषध मात्र मागून घ्या. दुखत असेल तर खाणार कसा?

सिरिंजने भरवणं

दाढा घासल्यावर लगेच ससा गवतावर तुटून पडतो असं नाही. कापसाने दीड दिवस तोंड लावलं नाही. तेव्हा भरवावं लागतं.

आजारी सशांसाठी तंतुमय भुकटी मिळते, ती ऑनलाइन मागवून घरात ठेवलेली बरी. नसेल तर सशाच्या खाद्याच्या साध्या हिरव्या गोळ्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अगदी बारीक फिरवा. धिरड्याच्या पिठाएवढं सैल हवं. दूध, वरणभात, केळं, साखरपाणी यातलं काही नको.

१० मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. टोक ब्लेडने थोडं कापा, नाहीतर तंतू अडकतात, आणि कापलेली कड काचपेपरने घासा. ससा पंच्यात गुंडाळा. पंचा पसरायचा, ससा मधे बसवायचा, एक बाजू गळ्याखालून घट्ट आणायची, दुसरी तिच्यावरून. डोकं बाहेर, चारही पाय आत. टॉवेलपेक्षा पंचा बरा, मऊ आहे आणि अंगासरशी बसतो. मांडीवर बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. उताणा कधीही करू नका.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते. सिरिंज समोरून न घालता बाजूने त्या फटीत घाला. एक मिली सोडा आणि थांबा. जबडा फिरताना दिसला, गिळलं, मग पुढचा मिली. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. मी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आठ मिली भरवलं, त्यातलं तीन माझ्या मांडीवर. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांत पंधरा. किती आणि किती वेळा हे वजनावर ठरतं. आम्हाला डॉक्टरांनी दिवसभरात पाच वेळा सांगितलं होतं आणि रात्रीची एक वेळ चुकवायची नाही असं बजावलं होतं. वाटीत मेथीची, कोथिंबिरीची पानं ठेवत जा. त्याने आपणहून एक पान ओढलं की निम्मी काळजी मिटते.

झालं की हनुवटी कोमट पाण्याच्या फडक्याने टिपून कोरडी करा. ओली राहिली तर खालची कातडी सोलवटते.

गवत

हे खरं औषध, आणि हेच आपल्याकडे अवघड करून ठेवलंय. परदेशी टिमोथी गवत चांगलंच, पण ते महाग पडतं. कापसाची गाडी हरळीवर चालते. पूजेला दूर्वा म्हणून आपण जी वापरतो तीच. गणपती मंदिरासमोरच्या फुलवालीशी मी बोलून ठेवलंय, उरलेल्या जुड्या ती मला ठेवते. संकष्टीला मात्र भाव विचारायची सोय नाही. बाकी शेतातून एक ओळखीचे मामा पोतंभर आणून देतात. फवारणी झालेल्या बांधावरचं नको, हे त्यांना दर वेळी सांगते. आणल्यावर धुवायचं आणि गच्चीत सावलीला पसरायचं. सुकलेलं दिवसभर पुढ्यात, ताजं दोन वेळा. त्याच्या खाण्यात गवत पाऊण हिश्श्याहून जास्त हवं. गोळ्या दिवसाला दोन मोठे चमचे, बास. गाजर महिन्यातून एखादी चकती. पाला मात्र खुशाल द्या.

लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा) सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त होतो. आमच्या भागात उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) फुकट मिळतात, म्हणून लोक सशालाही घालतात. मी घालत नाही. वाढ्यांत ऑक्सलेट असतं, ते अंगातला चुना ओढतं आणि हाडं-दात दोन्ही त्या चुन्यावरच उभे. हिरवी कोवळी ज्वारी तर जनावरांनाही विषारी, सशाला लांबच ठेवा. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास द्या. उन्हाळ्यात तेही बेताने, आपल्याकडच्या उकाड्यात ससा कुत्र्यापेक्षा लवकर कोमेजतो.

गवताने सगळं पूर्ववत होतं असं मात्र नाही. कापसाच्या दाढा एकदा घासल्यावर पाच महिने ठीक राहिल्या. तो चिरलेला दात मात्र वाकडाच वाढतो आणि दर सहा आठवड्यांनी घासून घ्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, पुढचे सहाही दात काढून टाकता येतील. ससा ओठांनी घास उचलायला शिकतो, आपण फक्त पाला चिरून द्यायचा. मोठी शस्त्रक्रिया आहे आणि मुळाशी कण राहिला तर दात परत उगवतो. मुलगी म्हणते काढू या. माझं अजून ठरत नाही.

वहीत आज १७९० लिहिलंय. खाली पुढची तारीख. त्या दिवशी कोल्हापूरला जायचंय, म्हणून त्या तारखेला कुणाचं माप घ्यायचं ठेवलेलं नाही.