घरच्या गॅसची तपासणी, स्वतः कशी करायची
आधी पाइप बघा. त्यावर तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर पाइप कितीही चांगला दिसू दे बदलूनच टाका, आणि तारीख असली तरी रेग्युलेटरजवळ जरा वाकवून बघा, केसासारख्या बारीक भेगा तिथेच पडतात, आमच्याकडे तशीच सापडली होती.

मग लीक. काडी पेटवून अजिबात बघायचं नाही (लोक अजून करतात!), साबणाचं दाट पाणी करायचं, शेगडीचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचा आणि प्रत्येक जॉइंटला ब्रशने लावायचं, बुडबुडे फुगायला लागले की लीक आहे, लगेच रेग्युलेटर बंद करा.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, आणि दोन्ही हवेपेक्षा जड, ब्युटेन तर जवळपास दुप्पट, त्यामुळे गळालेला गॅस जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात नको, नेहमी उभाच, आणि हवा जायची जाळी खाली पण हवी. वास आला तर लाइटचं बटण चालूही नाही, बंदही नाही.

ज्योत निळी हवी, पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर बर्नर साफ करा, खिडकी उघडा. रेग्युलेटर मात्र स्वतः खोलू नका, ते काम मेकॅनिकचंच.