एक सिलिंडरची मोटरसायकल कमी वेगात झटके देत असेल, तर दोष कसा शोधावा

कुर्ल्याहून भांडुपकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने संध्याकाळी निघालो, की गाडीचा वेग ताशी १० ते २० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो, आणि नेमक्या याच वेगात एक सिलिंडरची मोटरसायकल झटके देऊ लागते. डाव्या बाजूला बेस्टची बस, उजवीकडे रिक्षा आणि मध्ये हातभर जागा असताना गाडीने हिसका घेतला, तर ती केवळ गैरसोय राहत नाही, तो सरळसरळ धोका असतो. त्यामुळे ‘सिंगल सिलिंडरचं असंच असतं, सवय होईल’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

त्या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, तेवढा आधी बाजूला काढू. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एकदाच जोर मिळतो. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला १५ धक्के देते आणि मधल्या काळात गाडी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनातल्या जड फिरत्या चाकाच्या, गतीवर पुढे सरकते. फेऱ्या कमी झाल्या की दोन धक्क्यांमधले अंतर वाढते आणि ते अंगाला जाणवते. चौथ्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरने चालवल्यावर गाडी थरथरत असेल, तर गाडीत दोष नाही, गिअर खाली घ्यावा. हा लेख त्या गाडीसाठी आहे, जी सपाट रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, रेस स्थिर धरलेली असतानाही झटके देते.

टायरमधील हवा, इंजिन ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग या गोष्टी आपण तपासल्या आहेत, असे मी गृहीत धरतो.

पायरी १ : झटका कुठून येतो ते ठरवणे

ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड पायरी आहे, आणि बहुतेक लोक हीच वगळून थेट कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडतात. मीही तेच केले होते. एका पावसाळ्यानंतर माझी १५० सीसीची गाडी कमी वेगात झटके देऊ लागली, तेव्हा तीन आठवड्यांत तीन वेळा कार्बोरेटर साफ झाला, नवा प्लग आला, प्लगची कॅप बदलली आणि टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) पुन्हा सेट झाले. प्रत्येक वेळी गॅरेजमधून निघताना गाडी सुधारल्यासारखी वाटे आणि विक्रोळी येईपर्यंत झटके परत सुरू होत. दोष इंजिनात नव्हताच. तो चेनमध्ये होता, आणि तिच्याकडे कोणी वाकून पाहिलेसुद्धा नव्हते.

म्हणून हातात पाना घेण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. रविवारी पहाटे रहदारी नसलेला सपाट रस्ता निवडावा. मी पूर्व द्रुतगती महामार्गालगतचा सर्व्हिस रोड वापरतो. गाडी आधी दहा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम करून घ्यावे, कारण थंड इंजिनावर काढलेला कोणताही निष्कर्ष खरा धरता येत नाही.

पहिली चाचणी गिअरची. ताशी १५ किलोमीटरचा वेग दुसऱ्या गिअरमध्ये स्थिर धरावा आणि झटक्यांची लय मनात मोजावी. मग तोच वेग पहिल्या गिअरमध्ये धरावा. इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही झटक्यांची लय तीच राहिली, तर दोष चेन, दातेचक्र किंवा चाकात आहे. लय गिअरप्रमाणे बदलली, किंवा झटके मुळातच अनियमित असले, तर संशय इंजिनावर आणि इंधनावर घ्यावा.

दुसरी चाचणी क्लचची. झटके चालू असताना क्लच पूर्ण दाबून गाडी तशीच घरंगळू द्यावी. क्लच दाबल्यावरही पायाखाली टकटक किंवा अडखळणे जाणवत राहिले, तर इंजिन निर्दोष आहे. झटके थांबले, तरी मात्र लगेच इंजिनाला दोष देऊ नये, कारण क्लच दाबल्यावर चेनवरचा ताणही जातो आणि ढिल्या चेनचा दणका त्याबरोबर नाहीसा होतो.

तिसरी चाचणी रेसची. झटका केवळ रेस उघडताना आणि सोडताना येतो, की रेस स्थिर असतानाही येतो, हे नीट वेगळे करावे. फक्त उघड-मीट करताना एकच ठोका बसत असेल, तर इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये कुठेतरी मोकळी जागा झाली आहे आणि ती जागा भरताना हा ठोका लागतो.

या तीन चाचण्यांनंतरही मन साशंक असेल, तर माझा शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा उपाय करावा. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, खाली उतरावे आणि हँडल धरून फुटपाथच्या कडेने ती हळूहळू ढकलत न्यावी. मी असे केले तेव्हा कडेच्या दगडांवरचे काळे-पिवळे पट्टे सोबत होते. दर अकरा पट्ट्यांनी गाडी हाताला किंचित जड लागत होती आणि लगेच सुटत होती. मी पुन्हा मागे नेली, पुन्हा ढकलली; तेच अकरा पट्टे. इंजिन बंद असताना येणारी अडचण कार्बोरेटर कशी देईल? तीन आठवडे सुटत नसलेला प्रश्न त्या पाच मिनिटांत सुटला.

यामागचा हिशेब समजून घेतला, की चाचणी कोणत्याही गाडीला लावता येते. समजा, चेनला ११६ कड्या आहेत आणि मागच्या चक्राला ४४ दाते आहेत. मग चेनची एक पूर्ण फेरी होईपर्यंत चाक सुमारे २.६ वेळा फिरते. १८ इंची चाकाचा घेर टायरसह साधारण १.९ मीटर असतो. म्हणजे चेनमधला एकच घट्ट भाग सुमारे दर ५ मीटरला अडतो आणि ताशी १५ किलोमीटर वेगात सव्वा सेकंदाने पुन्हा येतो. अडचण दर १.९ मीटरला येत असेल, तर चेन सोडून मागचे चक्र, ब्रेक ड्रम किंवा डिस्क तपासावी, कारण ती चाकाच्या फेरीशी बांधलेली आहे.

पायरी २ : चेन

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल. ही अट मी हात जोडून सांगतो. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणारे लोक मी रोज पाहतो. फडके चक्रात ओढले गेले, की त्यामागे बोटे जातात आणि ती परत जोडता येतील याची खात्री नसते. चाक हातानेच फिरवावे.

चेनच्या खालच्या बाजूला, दोन्ही चक्रांच्या मध्यावर बोटाने चेन वर-खाली करून ढील मोजावी. हे मोजमाप एका जागी करून उपयोग नाही, आणि इथेच सगळे चुकतात. चाक पाव-पाव फेरी पुढे नेत किमान दहा-बारा ठिकाणी मोजावे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आपल्याकडची समुद्राची खारट हवा आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून केलेला प्रवास यांमुळे काही कड्यांच्या पिना आतून गंजतात, त्या कड्या नीट वळत नाहीत आणि बाकीचा भाग मात्र ताणून लांब झालेला असतो. माझ्या चेनमध्ये एका ठिकाणी ४० मिलिमीटर ढील होती आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १५.

अशा चेनला गॅरेजमध्ये हमखास मिळणारा उपाय म्हणजे ‘चेन टाइट करून देतो’. ढिला भाग समोर असताना चेन ताणली, तर घट्ट भाग तारेसारखा ताठ होतो. त्यात आपण गाडीवर बसलो, की मागचे चाक धरणारा स्विंगआर्म वर सरकतो आणि बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताणली जाते. मग झटके वाढतात आणि पुढच्या चक्रामागचे बेअरिंग दाबले जाते. चेन नेहमी तिच्या सर्वांत घट्ट जागी मोजून सेट करावी. मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेन कव्हरवर लिहिलेली असते. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांसाठी ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते.

चेन केरोसीन आणि मऊ ब्रशने धुऊन, कोरडी करून, चेनचे तेल लावून पुन्हा मोजावी; पेट्रोलने धुऊ नये. धुतल्यानंतरही सर्वांत घट्ट आणि सर्वांत ढिल्या जागेत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला, तर मी ती चेन ठेवत नाही. लांबी तपासायची असल्यास चेन ताणून धरून २० पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर) अंतर मोजावे: ४२८ क्रमांकाच्या चेनचा पिच १२.७ मिलिमीटर असतो, म्हणजे नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर भरते. ते २५९ च्या पुढे गेले असेल, तर चेन संपली आहे.

बदलताना चेन आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. आकड्यासारखे वाकलेले दाते असलेल्या जुन्या चक्रावर नवी चेन घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत चेन सेट सगळीकडे मिळतो. सीलबंद खोक्यातलाच घ्यावा आणि दात्यांची संख्या जुन्या चक्राशी ताडून पाहावी. चेनला क्लिपचे लॉक असल्यास क्लिपची बंद बाजू चेन फिरण्याच्या दिशेला आली पाहिजे. ती उलटी लागली, तर रस्त्यात निघून चेन सुटू शकते. चाक बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात आणि ॲक्सलचा नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते.

पायरी ३ : हबमधले रबर

मागच्या हबमध्ये चक्र आणि चाक यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात. गॅरेजमध्ये त्यांना कपलिंग रबर म्हणतात. इंजिनाचा प्रत्येक धक्का चाकापर्यंत जाण्याआधी मऊ करणे हे त्यांचे काम. चाक घट्ट धरून मागचे चक्र हाताने पुढे-मागे हलवावे. ते सहज हलत असेल आणि आतून ठक् असा आवाज येत असेल, तर चाक काढावे. मी काढले तेव्हा दोन तुकडे आपोआप जमिनीवर पडले आणि हबमध्ये रबराचा काळा भुगा साचला होता. या जागेत टायरच्या ट्यूबचे तुकडे कोंबून देण्याची पद्धत सर्रास आहे. तिला ठाम नकार द्यावा. ट्यूब काही दिवसांत चेपते आणि ठोका परत येतो. नव्या रबरांचा संच हा या दुरुस्तीतला स्वस्तातल्या स्वस्त भागांपैकी एक आहे.

पायरी ४ : केबल

रेसच्या मुठीला काठावर २ ते ६ मिलिमीटर मोकळीक असावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर इंजिनाचा आवाज बदलू नये. क्लच केबल सुकी किंवा तार तुटत आलेली असल्यास बदलावी.

पायरी ५ : आता इंजिन

वरचे सारे ठीक निघाले, किंवा पहिल्या पायरीत बोट इंजिनाकडेच गेले, तरच इथे यावे.

कार्बोरेटरच्या गाडीत एक सोपी खूण आहे. गरम इंजिनावर झटके येत असताना चोक अर्धा ओढावा. गाडी लगेच सुरळीत चालली, तर मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडत आहे. त्याचे एक कारण तुंबलेला पायलट जेट, म्हणजे कमी फेऱ्यांवर पेट्रोल देणारी बारीक छिद्राची नळी. त्याला तार घालू नये. द्रावणाने धुऊन दाबाच्या हवेने साफ करावा. दुसरे कारण कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला गेलेली चीर. गाडी जागेवर सुरू ठेवून त्या रबरावर स्प्रेच्या बाटलीतून थोडे पाणी मारावे. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तो प्रकार कधीही करू नये. पावसाळ्यात फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू उघडून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि त्यात पाणी आहे का ते पाहावे, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषून घेते. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असते. तिथे चोकची खूण चालत नाही. इंजिनाचा दिवा लागलेला असेल, तर आधी गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड गॅरेजमध्ये वाचून घ्यावा. नसेल, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्यावी. टॅपेट मात्र दोन्ही प्रकारांत तपासावेत, इंजिन पूर्ण थंड असताना आणि पुस्तिकेतल्या मापानेच.

‘स्लो थोडा वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवावे; स्लो म्हणजे रेस सोडल्यावर इंजिनाच्या राहणाऱ्या फेऱ्या. स्लो वाढवल्याने झटका दबतो, दोष राहतो, आणि रेस सोडल्यावरही गाडी पुढे ओढत राहते. बसच्या मागे गाडी थांबवायची असते, तेव्हा ही ओढ फार महागात पडते.

काम झाल्यावर गाडी त्याच फुटपाथच्या कडेने, इंजिन बंद ठेवून पुन्हा ढकलत न्यावी. माझी गाडी त्या दिवशी सर्व्हिस रोडच्या एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत एकदाही अडली नाही. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणली जाते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ती दहा-बारा ठिकाणी पुन्हा मोजावी.