पुनर्वसूचा ग्रह पाहायचा तर

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जावे, दिव्यांकडे पाठ करावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे मोबाइल खिशातच ठेवावा. दुर्बीण आणण्याचा खटाटोप करू नये, कारण येथे ज्या ग्रहांविषयी लिहिले आहे ते सूर्याभोवती नव्हे तर दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरतात आणि घरच्या दुर्बिणीतून दिसत नाहीत; पाहायचा तो त्यांचा तारा.

दक्षिणेकडे उंचावर मृग नक्षत्र आणि त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण लगेच ओळखू येतो. मृगातल्याच निळसर राजन्य ताऱ्यापासून तांबूस काक्षी ताऱ्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढून ती तशीच ईशान्येकडे वाढवली, की पुनर्वसूची जोडी सापडते. हात लांब करून तीन बोटे जुळवून धरली, तर ती या दोन ताऱ्यांमध्ये जेमतेम मावतात. पिवळसर आणि किंचित अधिक तेजस्वी तो पोलक्स, पांढरा तो कॅस्टर. जवळपास न लुकलुकणारा ठळक ठिपका आढळला, तर तो आपल्याच सूर्यमालेतला ग्रह समजावा. ही जोडी ज्या राशीत आहे ती मिथुन रास अशा ग्रहांच्या वाटेवरच आहे.

पोलक्स ३४ प्रकाशवर्षे दूर आहे. गुरूच्या दुपटीहून जड असलेला त्याचा ग्रह २००६ साली जाहीर झाला आणि तो सुमारे ५९० दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे वेगवान आगगाडीच्या गतीने, कधी आपल्याकडे तर कधी दूर सरकतो, आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांच्या पट्ट्यातल्या, रेषांच्या तेवढ्याशा हालचालीवरून हा ग्रह ओळखला गेला.

आता बाणाची रेघ वायव्येकडे नेऊन तांबूस रोहिणी गाठावी. तिच्याभोवती ६२९ दिवसांत फिरणारा ग्रह असल्याचे २०१५ मध्ये मांडले गेले, पण २०१९ च्या अभ्यासाने त्यावर शंका घेतली, कारण रोहिणीसारखे फुगलेले तारे स्वतःच स्पंदन पावतात आणि रेषा त्यानेही हलू शकतात. म्हणून वहीत ताऱ्याच्या नावापुढे पुराव्याचा रकाना ठेवावा आणि तो पेन्सिलीनेच भरावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेला एकटाच दिसणारा मीनास्य तारा नोंदवताना खोडरबरही लागेल: हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून २००८ मध्ये ग्रह म्हणून जाहीर झालेला त्याच्याजवळचा ठिपका पुढे विरत गेला, आणि तो टकरीतून उडालेल्या धुळीचा ढग असावा, असे २०२० मध्ये सांगण्यात आले.