बैल आधी कोणता पाय उचलतो? ॲनिमेशनच्या सरावात या चुका टाळा

शाळेत असताना पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दरवर्षी बैलजोडीचं चित्र काढायचो. झूल, बाशिंग, शिंगांचा बेगड, सगळं निगुतीनं. बारावीनंतर ॲनिमेशनला प्रवेश घेतला आणि दुसऱ्या सत्रात प्राण्याची चाल करायला मिळाली. मी बैलच घेतला. आठ दिवस खपून केलेला तो बैल पडद्यावर चालेना, टेबल ढकलल्यासारखा नुसता सरकायचा. सुटीत गावी आलो तेव्हा आजोबांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "पोट्ट्या, बैल आंधी कोनता पाय उचलते, पाह्यलं का कधी?"

ज्या घरात रोज पहाटे बैल सुटतात तिथं वाढलो, आणि पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वावराच्या वाटेनं बंडीमागून चालत गेलो आणि मोजलं. मागचा डावा, मग पुढचा डावा, मागचा उजवा, मग पुढचा उजवा. मागचा पाय पुढं येऊन टेकतो, तेवढ्यात त्याच बाजूचा पुढचा पाय जागा सोडून उचललेला असतो. हे एकदा दिसलं की बैल सरकत नाही, चालतो.

पुढं काही वर्षं स्टुडिओत काम केलं. आता गावाकडं असलो की यवतमाळ जिल्ह्यातली ॲनिमेशन शिकणारी, शिकू पाहणारी मुलंमुली वह्या घेऊन येतात. गुणवान मुलं आहेत. पण वही उघडली की तीच मोजकी गडबड पुन्हा पुन्हा दिसते आणि ती वेळीच दुरुस्त होण्यासारखी असते, म्हणून हे लिहितो आहे.

चित्र सुबक आहे, पण ते थांबलेलं आहे

आपल्यापैकी बहुतेकांचा हात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी घडवलेला असतो. त्या परीक्षांचं माझ्यावर ऋण आहे. पण वस्तुचित्राची एक सवय त्यातून लागते: एक घडा, एक फडकं, आणि छटा भरत तासन्‌तास बसणं. ॲनिमेशनमध्ये एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक दिसणाऱ्या २४ स्थिर चौकटी लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं झाली. तिथं एकेका चित्रावर दोन तास बसणारा हात कामाचा नाही. शरीराचा कल, भार कोणत्या पायावर आहे, पाठीची कमान कुठं वळते, हे अर्ध्या मिनिटात कागदावर उतरवणारा हात लागतो.

त्याच परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर आपण परीक्षा संपली की सोडून देतो, आणि ॲनिमेटर दिवसभर करतो ते नेमकं तेच. सराव असा करा. आठवडी बाजारात दहा मिनिटं एकाच माणसाकडं बघा, वही बाहेर काढू नका. घरी येऊन तो माणूस पाच स्थितींत काढा. पुढच्या बाजारी तोच माणूस किंवा तसंच काम करणारा दुसरा कोणी शोधा आणि वहीतलं चित्र तपासा. जिथं चुकलात तिथं तुम्ही पाहिलेलं नव्हतं, मनानं भरलेलं होतं.

कापूस वेचणीचे दिवस तर या सरावासाठी सोन्यासारखे. संध्याकाळी वावरातून गाठोडं निघतं तेव्हा बाई ते डोक्यावर कसं घेते, पाहिलंय? आधी ती गाठोड्यापासून अर्धं पाऊल मागं सरते. मग गुडघ्यात खाली जाते, दोन्ही हात गाठींखाली. पहिला हिसका गुडघ्यापर्यंत, तिथं क्षणभर मांडीचा टेकू. दुसऱ्या हिसक्यात गाठोडं छातीशी, समोरची बाई हात लावते, आणि ते डोक्यावर जातं. मान आधी किंचित दबते, मग ताठ होते. चालायला लागली की डोकं जवळजवळ एका रेषेत राहतं आणि सगळी हालचाल कमरेत उतरते, पावलं आखूड पडतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची जी १२ तत्त्वं मांडली, त्यातलं अँटिसिपेशन, म्हणजे मुख्य हालचालीआधीची तयारी, ते हेच मागं सरलेलं अर्धं पाऊल. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि चित्रात मात्र गाठोडं एका दमात डोक्यावर पोचवतात. मग ते कापसाचं न वाटता रिकाम्या पिशवीचं वाटतं.

बायाबापड्यांचं चित्र काढताना आधी विचारा. कामाच्या माणसाला न विचारता मोबाइल रोखणं बरं नव्हे. एखादं चित्र त्यांना दाखवा, फाडून देऊन टाका. पुढच्या वेळी स्वतःहून सांगतील, "असं नाही बाबू, हात असा धरतेत."

वहीत फक्त चेहरे

दहा वह्यांपैकी बऱ्याच वह्यांत डावीकडं बघणारे, मोठ्या डोळ्यांचे जपानी पद्धतीचे चेहरे असतात. हात खिशात, पाय पानाबाहेर. आवड चांगली आहे, मोडू नका. पण तो चेहरा दुसऱ्या कोणीतरी माणूस पाहून सोपा केलेला आहे. तुम्ही त्याची नक्कल करता तेव्हा फक्त उत्तर उतरवून घेता, गणित राहूनच जातं. महिनाभर नियम करा: वहीत पूर्ण माणूस, पावलांसकट, आणि डोळे-नाक काढायचंच नाही. डोक्याच्या जागी नुसता अंडाकार. एवढ्यानं माणूस दमलेला आहे की रागावलेला, हे कळलं तर चित्र जमलं.

मोबाइलच्या फिल्टरनं फोटो 'घिबली' या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या चित्रांसारखा करून तो सरावात मोजणारेही भेटतात. त्यात तुमच्या हातानं काही केलेलं नसतं.

बैलाचा गुडघा उलटा कसा?

मागच्या पायाचा तो मागं वळलेला सांधा बहुतेकांना गुडघा वाटतो, म्हणून पाय लाकडासारखा मोडतो. ती टाच आहे. बैल बोटांच्या टोकांवर उभा असतो. खूर म्हणजे त्याची नखं. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीत लपलेला. पुढच्या पायातला 'गुडघा' म्हणजे आपलं मनगट, आणि कोपर छातीला चिकटलेलं. स्वतःचा हात टेबलावर बोटांवर उभा करून बघा, लगेच उलगडेल. सांध्यांपुरतं हे शेळी, कुत्रा, घोडा, सगळ्यांना लागू. एकदा गोठ्यात जाऊन, बैल गरीब असेल तर, हातानं चाचपून सांधे ओळखा. दहा व्हिडिओ पाहून जे कळत नाही ते बोटांना कळतं.

चेंडू फुग्यासारखा तरंगतो

चेंडू उडवणं हा सगळ्यांचा पहिला अभ्यास, आणि पहिली तक्रारही हीच. कारण एकच: दोन चित्रांमधलं अंतर सगळीकडं सारखं ठेवलेलं असतं. पडणारी वस्तू प्रत्येक क्षणी आधीपेक्षा जास्त अंतर कापते, १, ३, ५, ७ अशा प्रमाणात. साधारण चार फुटांवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो, म्हणजे १२ फ्रेम, दोन-दोन फ्रेम धरल्या तर ६ टप्पे. कागदावर ही उंची १८ सें.मी. धरा आणि वरून खुणा करा: अर्धा, २, साडेचार, ८, साडेबारा आणि १८ सें.मी. या खुणांवर चेंडू ठेवा. वर जाताना याच खुणा उलट्या क्रमानं, पण उंची कमी. एवढं करूनही हलका वाटला तर उसळी फार उंच घेतली आहे, ती कमी करा. रबरी चेंडू, लिंबू आणि ओल्या मातीचा गोळा अंगणात टाकून बघा. तिघांची उसळी वेगळी, तशीच तिघांची चित्रंही.

चालताना पाय घसरतो

टेकलेलं पाऊल जमिनीवर जिथं टेकलं तिथंच राहायला हवं. कागदावर त्या जागी एक ठिपका द्या आणि पाऊल उचलेपर्यंत टाच किंवा चवडा त्या ठिपक्यावरून हलू देऊ नका. पात्र जागच्या जागी चालवत असाल, तर टेकलेलं पाऊल प्रत्येक चित्रात सारख्याच अंतरानं मागं गेलं पाहिजे आणि मागची जमीनही तेवढीच. घसरणाऱ्या बहुतेक चालींत गोम इथंच निघते.

दुसरं, सगळ्यांना एकच चाल देऊ नका. सहज चालणारा माणूस साधारण १२ फ्रेममध्ये एक पाऊल टाकतो. डवरणी (कोळपणी) करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या कास्तकाराचं पाऊल १२ मध्ये पडत नाही. आधी फ्रेम वाढवून बघा, मग पाहा खांदे कुठं जातात.

रेषा केसाळ येत असेल तर हात मनगटातून हलतो आहे. खांद्यातून रेघ ओढा, जुन्या वर्तमानपत्रावर, उभं राहून. खोडरबर आठवडाभर घरात कुणाकडं तरी ठेवायला द्या.

सामान येईल तेव्हा सुरू करू

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो. टॅबलेट नाही, लॅपटॉप मंद आहे, लाइट जाते. हे सगळं खरं आहे आणि त्यातली अडचण मी जाणतो. तरीही कागदावरचं ॲनिमेशन आजही थांबत नाही. जुन्या खिडकीची काच दोन विटांवर ठेवा, कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे हात कापणार नाही, खाली चार्जिंगचा एलईडी बल्ब. खालच्या कागदावरचं चित्र वरच्यावर दिसावं म्हणून लागणारा लाइटबॉक्स तयार, लाइट गेली तरी चालू. झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूनं कोरे राहिलेले कागद मागा. कागद हलू नयेत म्हणून दोन भोकांचं पंचिंग मशीन वापरा. त्यातल्या भोकांत बहुतेक ८ सें.मी. अंतर असतं, ते मोजा आणि गावच्या सुताराकडून तेवढ्याच अंतरावर दोन लाकडी खुंट्यांची पट्टी करून घ्या. एकेका कागदाचा मोबाइलनं वरून फोटो काढला की फ्लिपाक्लिपसारख्या ॲपमध्ये चित्रं ओळीनं लावून चालवता येतात.

संगणक मिळालाच तर क्रिता, ब्लेंडर, ओपनटूंझ ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर सगळी मोफत आहेत. ओपनटूंझ ज्या टूंझवरून आलं ते घिबली स्टुडिओत वापरलं जायचं. २०१६ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. ज्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्ये केलेला आहे. आणि दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ फ्रेम-फ्रेमनं टिपली होती. घरच्या कुंडीत हरभरा टाकून, मोबाइल एका जागी बांधून हा प्रयोग करा. झाड वळतं, थांबतं, उसळी घेतं, ते दहा दिवसांत शिकाल.

स्टुडिओचं नाव माहीत, काम माहीत नाही

"मला घिबलीत जायचंय." आनंद आहे. तो स्टुडिओ १९८५ मध्ये मियाझाकी, ताकाहाता आणि सुझुकी यांनी उभा केला, एवढं मुलांना ठाऊक असतं. पण तिथं तुम्ही काय करणार, स्टोरीबोर्ड (गोष्टीचा चित्रांतला आराखडा), लेआउट (दृश्याची मांडणी), की-ॲनिमेशन (हालचालीतली मुख्य चित्रं), इन-बिटवीन (त्यांच्या मधली चित्रं) की बॅकग्राउंड, असं विचारलं की शांतता. आवडीचा चित्रपट संपला की उठू नका, शेवटची नावं वाचा. एकेका कामापुढं किती माणसं आहेत ते मोजा आणि त्यातलं एक काम स्वतः करून बघा.

दुसरी गोष्ट, नजर फक्त टोकियो आणि कॅलिफोर्नियावर ठेवू नका. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागाला शिकवायला आले, आणि तिथं घडलेले राम मोहन पुढं १९९३ च्या जपानसोबतच्या 'रामायण' ॲनिमेशनपटाचे सहदिग्दर्शक झाले. आजही मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू, तिरुवनंतपुरमला काम आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या मुलाला तर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. 'छोटा भीम' तिथलाच. 'लॅम्पुट' ही कार्टून मालिका मुंबईच्या वैभव स्टुडिओजची; त्यात संवाद नाहीत, सगळं शरीरानं बोलतं, म्हणून आवाज बंद करून अभ्यासावी अशी.

फीबद्दल कळकळीनं सांगतो. माझ्या ओळखीच्या एका घरानं शंभर टक्के नोकरीच्या जाहिरातीवर विसंबून लाखाच्या वर पैसे भरले, त्यासाठी कर्ज काढलं. तिथं सॉफ्टवेअरची बटणं शिकवली, चित्र कोणीच शिकवलं नाही. प्रवेशाआधी मागच्या विद्यार्थ्यांचं काम बघायला मागा, त्यांच्याशी बोला. सरकारी वाटही तपासा: नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय, अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा, जिच्यात हातानं चित्र काढावंच लागतं.

काम पाठवताना सगळं पाठवू नका. दहा-बारा चित्रं, सगळ्यात चांगलं आधी. त्यात बाजारातली, गोठ्यातली, वावरातली असू द्या. ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडं नाहीत. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ, एका मिनिटाच्या आसपास, सिनेमाचं गाणं न लावता, आणि गटात केलेलं काम असेल तर तुमचा भाग कोणता हे स्पष्ट. चित्रांचे फोटो सकाळी ओसरीवर, सावलीत, फ्लॅश बंद करून घ्या, मोबाइल कागदाला समांतर.

लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. आमच्याकडं येणाऱ्या एका मुलीनं आईच्या मोबाइलवर उघडली, तर परवानगी मागणारं पान आलं. त्याआधी पाच ठिकाणी तिनं तीच लिंक पाठवली होती. तिनं ओट्यावर बसूनच सेटिंग बदललं आणि पाचही ठिकाणी दोन ओळींची माफी मागून पुन्हा मेल केला. एका ठिकाणाहून तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: गाठोडं उचलणाऱ्या बाईची आणखी चित्रं आहेत का?