ऑफिसची आणि गडाची एकच सॅक: घ्यायची कशी, टिकवायची कशी

राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरत होतो. ऐन उतारावर सॅकचा डावा पट्टा वरच्या टाक्यातून उसवला. गळ्यातला पंचा पिळून त्याने कसाबसा बांधला आणि कर्जत गाठलं. कापड धडधाकट होतं, रंगही उडाला नव्हता; गेली ती फक्त शिवण. तेव्हापासून दुकानात सॅक हातात आली की मी आधी ती उलटी करतो.

पण त्याआधी आकार ठरवा. आठवडाभर लॅपटॉप, डबा, छत्री आणि रविवारी तीन लिटर पाणी, रेनकोट, खाऊ एवढ्याला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. त्याहून मोठी घेतली तर ती भरायचा मोह होतो, आणि सकाळच्या लोकलमध्ये पोटाशी धरून उभं राहिलं की आजूबाजूचे काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आता सॅक उलटी करा. पट्टा पाठीला जोडला आहे तिथे एका ओळीची शिलाई असेल तर पुढे बघूच नका. चौकोन आणि त्यात फुली, नाहीतर दाट आडव्या टाक्यांची पट्टी हवी. कारागीर तिला बारटॅक म्हणतात. आतल्या कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या हव्यात. त्या उघड्या सोडल्या असतील तर धागे सुटत जातात आणि एक दिवस शिवणीखालून कापडच निसटतं. मग दोन अंगठ्यांनी शिवण दोन्ही बाजूंना ताणून उजेडाकडे धरा. टाक्यांची भोकं रुंदावून उजेड आत आला तर सॅक परत फळीवर ठेवा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

कापडाच्या लेबलवर ४२०डी, ६००डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर: ९,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. आकडा मोठा तेवढा धागा जाड, पण तो वेगवेगळ्या धाग्यांत ताडून पाहू नका. ४२०चं चांगलं नायलॉन घासण्याला ६००च्या साध्या पॉलिस्टरपेक्षा सहसा जास्त टिकतं. उन्हाला मात्र पॉलिस्टर सरस. करवंदीच्या जाळ्या आणि खडकावर टेकवणं, दोन्हींचा मार खालच्या भागाला बसतो, म्हणून तळाचं कापड दुहेरी किंवा जास्त जाड आहे ना, ते बघा.

‘बाटल्यांपासून बनवलेली’ ही पाटी वाचून भुलू नका. रिसायकल केलेलं पॉलिस्टर चांगलंच, पण किती, ते विचारा. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड या प्रमाणपत्राचा लोगो वस्तूवर लावायला निदान ५० टक्के रिसायकल केलेला माल लागतो. तरी माझं मत असं की दोन वर्षांत फेकावी लागणाऱ्या रिसायकल सॅकपेक्षा दहा वर्षं दुरुस्त होत राहणारी साधी सॅक पर्यावरणाला कमी जड.

चेन ओढून बघा. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची असावी. नंबर पुष्कळदा रनरच्या मागे कोरलेला असतो.

मग पाठ. मान खाली घातल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत घरी टेपने मोजून ठेवा आणि सॅकची पाठ त्याच्याशी जुळवा. दुकानात पाचेक किलो सामान भरून दहा मिनिटं फिरा. लॅपटॉप घालून सॅक जमिनीवर टेकवा. टक् असा आवाज आला तर त्या कप्प्याचा तळ पुरेसा उचललेला नाही.

पावसात वरच्या कव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीवरून ओघळत आत शिरतंच. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडलं की काम झालं.

घरी आल्यावर घामाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंग मशीन नको; कोमट पाणी, चिमूटभर साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत उलटी टांगून वाळवणं. ओली सॅक कपाटात कोंबली की आतलं पाणी अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग दमटपणाने चिकट होतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं.

चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर ती बदलायची घाई करू नका. पुष्कळदा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. रनर चेनच्या सुरुवातीला आणा, पकडीने त्याची मागची बाजू आधी डावीकडे, मग उजवीकडे अगदी हलकी दाबा, आणि चेन लावून बघा. जोर केलात तर रनर तुटेल. तुटलाच तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे नवा बसवून मिळतो.

माझा तो पट्टा स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांनी आतून चामड्याचा तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने शिवला. ‘आता सॅक फाटेल, हा नाही,’ म्हणाले. गेल्या वर्षी तळ फाटला; पट्टा अजून तसाच आहे.