सांगलीच्या काळ्या मातीत विज्ञान संकुल आखताना

विद्यापीठाच्या विज्ञान संकुलाचं काम पहिल्यांदा हाती आलं, की दर्शनी भागाची चित्रं काढायचा मोह होतो. तो आवरा. सांगलीत आधी पूरपातळी आणि माती बघायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं; तिथली धोक्याची पातळी 45 फूट. हे आकडे थेट कॉन्टूर सर्व्हेवर (जमिनीच्या चढउतारांच्या नकाशावर) चढवू नका, कारण पुलाच्या पट्टीचा शून्य आणि सर्व्हेचा शून्य वेगळा. पाटबंधारे खात्याकडून समुद्रसपाटीपासूनची पूरपातळी घ्या आणि तीच नकाशावर लाल रेघेनं काढा. त्या रेघेखाली मैदान, झाडी चालेल. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, रसायनांचं कोठार अजिबात नको. तळघराचा विचारच सोडा.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. इमारत हलकी असेल तर पाया वर-खाली होतो, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि दार चौकटीत अडकतं. सॉइल रिपोर्टमध्ये फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते याचं माप) 50 टक्क्यांच्या वर दिसला, तर साध्या उथळ फुटिंगवर, म्हणजे खांबाखालच्या उथळ पायावर, अवलंबून राहू नका. जड इमारतीचा पाया घट्ट मुरूम किंवा खडकापर्यंत न्या, हलकीला अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेला आणि खाली फुगा असलेला काँक्रीटचा खांब, द्या. पाइलचा फुगा दांड्याच्या अडीच पट व्यासाचा असतो. प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईखाली) 80 ते 100 मिलिमीटर पोकळी सोडा. ती राहिली नाही तर फुगलेली माती बीमच उचलते.

सगळ्यात जास्त चुका रसायनशास्त्राच्या इमारतीत होतात, म्हणून तिथे जरा थांबू. फ्युम हूडचं (प्रयोगातली विषारी वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाचं) तोंड 1.2 मीटर रुंद, अर्धा मीटर उघडं आणि हवेचा वेग सेकंदाला 0.5 मीटर धरा. एक हूड तासाला 1080 घनमीटर हवा बाहेर फेकतो, दहा हूड 10,800. तेवढीच हवा आत यायला हवी, हे कित्येक प्लॅनमध्ये राहून जातं. मग दार ओढून उघडावं लागतं, कॉरिडॉरमधली हवा आत खेचली जाते आणि हूडमधली वाफ उलटी तोंडावर येते.

ही हवा नेणाऱ्या डक्टला, म्हणजे पत्र्याच्या रुंद नळीला, जागा लागते. मजल्याची उंची 4.2 मीटर ठेवा : बीम 60 सेंटिमीटर, डक्ट 45, दिवे-वायरी 15, खाली 3 मीटर उरतात. 3.3 मीटरवर अडून बसलात तर डक्ट बीमला धडकतो, आणि मग साइटवर बीमला भोक पाडायची भाषा सुरू होते. धुराडं गच्चीच्या वर किमान 3 मीटर हवं, हवा सेकंदाला 15 मीटरच्या आसपास वेगानं सरळ वर सुटली पाहिजे. पाऊस आत येऊ नये म्हणून ठेकेदार वर पत्र्याची छत्री लावतात. ती काढायलाच लावा. छत्रीला आपटून धूर परत खाली, ताज्या हवेच्या जाळीपाशी येतो.

आम्लाचं सांडपाणी वेगळ्या पॉलिप्रॉपिलीन पाइपनं न्यूट्रलायझेशन टाकीत, म्हणजे आम्ल निवळवणाऱ्या टाकीत, जाऊ द्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर, लिफ्ट, रस्ता आणि ट्रान्सफॉर्मर यांपासून लांब. एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण 700 लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो, म्हणून त्याच्या खोलीला ऑक्सिजनचा अलार्म हवाच.

हिरवळीचा विचार पाण्यापासून करा. वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला तरी 1000 चौरस मीटर छतावरून, 20 टक्के वजा जाता, 4 लाख 80 हजार लिटर पाणी मिळतं. शोषखड्डा काळ्या मातीतच संपवला तर पाणी तुंबून राहतं. तो मुरमापर्यंत खणायला हवा.

वड, पिंपळ इमारतीला चिकटून लावू नका. मुळं मातीतलं पाणी ओढतात, माती आकसते, पाया खचतो. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवा. रस्त्याकडेला करंज, कडुलिंब, बहावा छान येतात. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावा. पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या ठिबकचा आणि माळ्याच्या पगाराचा खर्च टेंडरमध्येच धरा, कारण इमारत ताब्यात दिल्यावर त्यासाठी वेगळे पैसे मंजूर होता होता रोपं वाळून जातात.